बाराव्या गाडीचा पुकारा

“मॅडम, तुमच्यापैकी कुणी इथं येऊ शकतं का? हो का नाही, तेवढं सांगा.”

जानेवारीतला गुरुवार होता. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी हेडफोन कानावर घट्ट दाबला आणि प्रशिक्षणात घोटून घेतलेलं वाक्य म्हटलं, “मी फोनवर तुमच्यासोबत आहे.”

“फोनवर तर सगळेच असतात,” तो म्हणाला. “माझा भाऊ फोनवर आहे, साळा फोनवर आहे. इथं बाकड्यावर मी एकटा आहे.”

यावर काय बोलायचं ते आमच्या निळ्या फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. मानसशास्त्रात एम. ए. करून दोन वर्षं घरी बसले होते, आणि राज्याची ‘सोबत’ हेल्पलाइन सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत लागले. पुण्यातल्या एका जुन्या सरकारी इमारतीचा तिसरा मजला, सात टेबलं, सात फोन. अख्ख्या राज्यासाठी एवढंच. सातही फोन चालू असले की आठव्या माणसाला सनई ऐकू यायची आणि मधूनमधून एक गोड आवाज सांगायचा, ‘आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया थांबा.’ आठ महिन्यांत आम्हाला त्या सनईचं काही वाटेनासं झालं होतं. ती आम्हाला ऐकूच येत नव्हती, त्यामुळे असेल.

“तुमचं नाव सांगाल?” मी विचारलं.

“मनोहर डाबेराव. खामखेडच्या एसटी स्टँडवर बसलो आहे. सकाळी आठपासून.”

“कुठं जायचंय?”

“कुठंच नाही. अकरा गाड्या सोडल्या.”

त्याच्या मागे स्टँडचा सगळा गलका ऐकू येत होता. शेंगदाणेवाला, रडणारं मूल, आणि मधूनच भोंग्यातून येणारा एक रखरखीत आवाज, गाड्या पुकारणारा.

हळूहळू तो बोलता झाला. वय सत्तेचाळीस. गावातल्या एका डॉक्टरांकडे बावीस वर्षं कंपाउंडर. घरी बायको कुसुम, बारावीतली मुलगी. दुखणं नाही, भांडण नाही. पण गेल्या दिवाळीपासून सकाळी उठलं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. जेवणाची चव गेली. झोप गेली. माणसं म्हणायची, तुला कमी काय आहे?

“तेच तर सांगता येत नाही ना मॅडम. काही झालंच नाही. काही झालं असतं तर सांगितलं असतं. बावीस वर्षं लोकांना गोळ्यांच्या पुड्या बांधून दिल्या. आता मीच जाऊन काय सांगू, कुठं दुखतं?”

आम्हाला शिकवलं होतं की शंका आली तर आडवळणानं विचारायचं नाही. मी तसंच विचारलं, “डाबेरावभाऊ, जीव द्यायचा विचार मनात येतोय का?”



“येतो,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी सरळ विचारलं. बरं वाटलं. पण पाच वाजेपर्यंत बसतो इथं. नंतर उठतो. पुढचं विचारू नका.”

मी पेन उचललं आणि शेजारच्या टेबलाकडे बघितलं. तिथं फिरोज अत्तार बसायचा. माझ्याच तुकडीतला, आधी एका मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात काम केलेला. कुठल्याही गावाचा कुठलाही नंबर पाच मिनिटांत शोधून काढायचा. त्याचा फोन नुकताच संपला होता. मी कागदावर लिहिलं, ‘खामखेड एसटी स्टँड. चौकशी खिडकीचा नंबर. लगेच.’ आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

तो कागद फिरोजच्या आधी कामतसरांनी वाचला. ते कधी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, मला कळलंही नव्हतं.

कामतसर आमचे प्रमुख. शिस्तीचे, पण खडूस नव्हेत. नियम त्यांनीच तयार केले होते आणि ते का केले हे त्यांना तोंडपाठ होतं. जिवाला धोका दिसला की पोलिस नियंत्रण कक्षाला कळवायचं, आणि फोन करणाऱ्याची ओळख बाहेरच्या कुणालाही द्यायची नाही. मी मायक्रोफोनवर हात ठेवला. ते हळूच म्हणाले, “हेमा, पोलिसांना कळवावं लागेल.”

महिन्याभरापूर्वी असाच एक फोन मी पोलिसांकडे दिला होता. एका खेड्यातली तरुण बाई. जीप सायरन वाजवत तिच्या दारात गेली, अख्खी गल्ली जमली. ती वाचली. पोलिसांनी त्यांचं काम नीट केलं होतं. पण नंतर मी तिला तीनदा फोन लावला, तेव्हा तिनं एकदाच उचलला आणि म्हणाली, “आता मला या गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही तुम्ही.”

तिकडून डाबेराव म्हणालाच, “पोलिस पाठवाल तर मी हा फोन ठेवतो. माझ्या पोरीची परीक्षा आहे. बापाला जीपमध्ये घालून नेलं, हे तिनं ऐकायचं का?”

मी कामतसरांकडे बघितलं आणि दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. दहा मिनिटं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, बाजूची खुर्ची ओढली आणि बसले. 

“भाऊ,” मी फोनवर म्हटलं, “मी तुम्हाला खरं सांगते. मी पुण्यात आहे, मला तिथं यायला दहा तास लागतील. पण तुमच्यापासून वीस पावलांवर एक माणूस बसलाय. त्याला येऊ दे का तुमच्याजवळ?”

“कोण माणूस?”

“गाड्या पुकारतो तो.”

“तो?” डाबेरावच्या आवाजात एकदम काहीतरी आलं, इतका वेळ नसलेलं. “मॅडम, सकाळपासून ऐकतो आहे त्याला. ‘फलाट’ म्हणताच येत नाही. ‘फाट’ म्हणतो. मेहकरची गाडी त्यानं अशी पुकारली, जसा मयताची बातमी देऊन राहिला. माणसानं गाडीत बसावं का उतरावं?”

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. “तुम्हाला पुकारण्यातलं बरंच कळतं.”

“वीस वर्षं कबड्डीची कॉमेंट्री केली आहे. या अंगाला जितके सामने होतात, सगळ्यांत माझा आवाज. म्हणजे होता. या वर्षी नाही गेलो.”

“मग त्याला येऊ दे का? नाव सांगेन तुमचं, आणि तुम्ही मघाशी मला जे सांगितलंत तेवढंच. जास्त काही नाही. पोलिस नाहीत.”

 शेंगदाणेवाला पुन्हा एकदा जवळून ओरडून गेला.

“येऊ द्या,” तो म्हणाला. “पण मॅडम, माझ्या मोबाइलची बॅटरी...”

आणि फोन बंद पडला.

मी पुन्हा लावला. बंद. परत लावला. बंद.

मी मान वर केली तेव्हा फिरोज दुसऱ्या फोनवर बोलत होता आणि मला हातानं बोलावत होता. खामखेडची चौकशी खिडकी लागली होती. मी त्याच्या हातून रिसीव्हर घेतला.

“गवई बोलतो, वाहतूक नियंत्रक,” तोच रखरखीत आवाज. “कोन्ती गाडी पायजे?”

मी एका दमात सांगितलं. कोण बोलतेय, कुठून, आणि त्यांच्याच स्टँडवर बाकड्यावर मनोहर डाबेराव नावाचे गृहस्थ बसले आहेत, जिवाचं बरंवाईट करायचा विचार त्यांच्या मनात आहे, त्यांनी तुम्हाला येऊ द्यायला हो म्हटलंय. मला वाटलं होतं, हा माणूस म्हणेल की माझं हे काम नाही, वरच्या साहेबांना विचारा, आधी लेखी द्या. आम्हाला सवय होती त्याची.

गवईंनी एकच विचारलं, “शर्ट कोन्त्या रंगाचा?”

“ते मी विचारलं नाही.”

“बरं. सकायपासून बसले ते, हिरव्या शर्टवाले. पायले मी.” आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. दार वाजलं.

मग फक्त स्टँड. पंख्याची घरघर. कुठून तरी गाडी मागे घेतल्याचा आवाज. आम्ही फोन स्पीकरवर टाकला. मी, फिरोज आणि कामतसर त्या छोट्या यंत्राकडे टक लावून बघत होतो. एक मिनिट गेलं. दोन गेली. पुकारा थांबला होता, त्यामुळे खिडकीवर माणसं जमायला लागली असावीत. कुणी काउंटरवर ठकठक करत होतं. कुणी विचारत होतं, “अहो, रिसोड गाडी कदी हाय?”

तीन मिनिटं. कामतसरांनी घड्याळ बघितलं आणि आपल्या टेबलावरचा नियंत्रण कक्षाचा फोन जवळ घेतला.

तेवढ्यात कुणीतरी तिकडचा रिसीव्हर उचलला. बाईचा आवाज, खणखणीत. “हॅलो, रिसोड गाडी कदी हाय बाप्पा?”

बहुधा खिडकीतून हात घालून तिनं तो उचलला असावा. फिरोज पुढे झुकला. “ताई, मी पुण्याहून बोलतोय.”

“पुन्याहून? मंग तुमाले का म्हाइत रिसोड गाडी?”

“नाही माहीत. पण ताई, एक मदत करा. कंट्रोलरसाहेब कुठं दिसतात का बघा.”

“दिसतात ना. तिकडं बाकड्यावर बसले.”

“एकटेच?”

“नाई. एका हिरव्या शर्टवाल्याजवळ.”

मी फिरोजचा दंड धरला. त्यानं विचारलं, “काय करतायत?”

“काईच नाई. बसले. दोघं बी समोर पाहून रायले.” थोड्या वेळानं, “आता कंट्रोलरनं चहावाल्याले हात केला.” पुन्हा थोड्या वेळानं, “चहा आला. हिरव्या शर्टवाल्यानं घेतला नाई. घेतला, घेतला.” आता बाई रिसोडची गाडी विसरल्यासारखी झाली होती. “काय झालं जी? भाऊ हाय काय तो कंट्रोलरचा?”

“तसंच समजा,” फिरोज म्हणाला.

“मंग काऊन भांडून रायला त्याच्याशी?”

“कोण भांडतंय?”

“हिरव्या शर्टवाला. हातवारे करून काईतरी सांगून रायला. कंट्रोलर मान खाली घालून आयकून रायला. आता उठले. दोघं बी उठले. इकडंच येऊन रायले.” आणि तिनं घाईनं रिसीव्हर ठेवला. सुदैवानं जागेवर नव्हे, टेबलावरच.

कामतसरांनी आपल्या फोनवरचा हात काढला आणि रुमालानं कपाळ पुसलं.

पुढचं सगळं आम्ही कानांनीच बघितलं. दार उघडलं. दोन खुर्च्या ओढल्या गेल्या. गवईंचा आवाज, “हा खटका दाबाचा अन् बोलाचं. कागदावर लिवलं हाय सगळं. माझा घसा सकायपासून बसला.” मग खरखर. मग कुणीतरी खाकरलं.

“प्रवासी मित्रहो.”

आवाज थरथरत होता. तो थांबला. पुन्हा खरखर झाली. मला वाटलं, होत नाही त्याच्याकडून. मग त्यानं दुसऱ्यांदा सुरुवात केली, आणि तो आवाज कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही.

“प्रवासी मित्रहो, लक्ष असू द्या. फलाट क्रमांक तीनच्या मैदानात उतरली आहे रिसोडकडे जाणारी गाडी. अंगानं भरदार, रंगानं लालभडक. ड्रायव्हरसाहेबांनी एका वळणात ती रेषेला लावली आहे, त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. कंडक्टर ताई दारात सज्ज आहेत. चढाई एकेकानं करा, कुणी कुणाची पकड करू नका. मागच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा खेळाडू मला इथून दिसतो आहे. त्याचा एक गुण कापण्यात येत आहे.”

पुकारा संपला. मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि टाळ्या सुरू झाल्या. पावसाच्या सरीसारख्या नव्हेत, विस्कळीत, एसटी स्टँडवर वाजतील तशा. त्यात हसणं होतं, पोरांचा आरडाओरडा होता. ‘अजून एक होऊ द्या’ असं कुणी म्हणालं.

आमच्या खोलीत बाकीच्या टेबलांवरचे दोघं-तिघं हेडफोन काढून उभे राहिले होते. फिरोज तोंडावर हात दाबून हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कामतसर, ज्यांना आम्ही आठ महिन्यांत कधी दात दाखवताना बघितलं नव्हतं, खुर्चीत मागे रेलून हसत होते.

डाबेरावनं त्या संध्याकाळपर्यंत नऊ गाड्या पुकारल्या. मधे एकदा त्यानं तो रिसीव्हर उचलला. “मॅडम, आहात का अजून?”

“आहे.”

“वेडेपणा करून राहिलो मी.”

“मस्त करताय.”

तो हसायला गेला आणि रडायला लागला. खूप वेळ रडला.  मधे फक्त एकदा मागून ऐकू आलं, “पुसद मी पुकारतो, तुमी बसा.” आणि ‘फाट क्रमांक दोन’ असा रखरखीत पुकारा झाला. डाबेरावला रडता रडता ठसका लागला. “ऐकलंत? ऐकलंत ना मॅडम? फाट.”

साडेपाचच्या सुमारास त्याच्याच सांगण्यावरून गवईंनी त्याच्या घरी फोन लावला. कुसुमताई आणि मुलगी रिक्षानं आल्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दर शुक्रवारी मनाच्या आजाराचे डॉक्टर यायचे, ती माहिती मी दिली. शुक्रवार दुसऱ्याच दिवशी होता. कुसुमताई आज रात्रभर त्याच्याजवळ राहणार होत्या, भाऊही येणार होता. सकाळी गवई त्याला सोबत घेऊन जाणार होते. हे सगळं मी त्याच्या स्वतःच्या तोंडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि मगच त्याला घरी जाऊ दिलं.

माझी ड्युटी सहाला संपायची. मी पर्स उचलली तेव्हा फिरोज म्हणाला, “हेमा, खामखेड. तुझ्यासाठी.”

गवई होते. “पोचले ते घरी. सांगावं म्हटलं तुमाले. त्याइची पोरगी जाताना माझ्या पाया पडली. मले लय कसंतरी झालं.”

मी त्यांचे आभार मानले. मग राहवेना म्हणून विचारलं, “गवईभाऊ, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“काई नाई. मी बसलो. म्हटलं, पुन्याहून एका बाईचा फोन आलता, तुमची काळजी करून रायल्या. मी फक्त बसतो, तुमाले बोलाचं असन तं बोला. मंग ते मले म्हने, तुमचं पुकारनं लय खराब हाय. मी म्हटलं, मंग तुमी करून दाखवा.”

“माइक द्यायचं कसं सुचलं तुम्हाला?”

 गाड्या कमी झाल्या असाव्यात, स्टँडचा आवाज मघासारखा नव्हता.

“मॅडम, एक सांगू काय? तुमचा हा नंबर माझ्या मोबाइलात पयलेच हाय.”

“म्हणजे?”

“पोळ्याच्या आसपासची गोष्ट. मीच लावला होता. इथूनच, याच खुर्चीवरून. सनई वाजली. मंग ती बाई म्हने, आपला फोन मोलाचा हाय. मंग परत सनई. एकवीस मिनिटं मी आयकली. तेवढ्यात पुसद गाडी लागली. लोकं खिडकीवर ओरडून रायले होते. तं फोन ठेवला अन् गाडी पुकारली. मंग दुसरी लागली, ते बी पुकारली. म्हटलं, आता एवढी एक पुकारू अन् मंग पाहू. मंग आनखी एक. अशी ड्युटी संपली. तोपर्यंत जरा उतरलं होतं डोक्यातलं. घरी गेलो.” ते थांबले. “म्हनून त्याले माइक देल्ला.”

मी पर्स खाली ठेवली. खुर्चीवर बसले. एकवीस मिनिटं. त्या दिवशी मीही इथंच असणार, याच टेबलावर, दुसऱ्या कुणाशी तरी बोलत. मी त्यांची माफी मागितली असती, पण ती कशासाठी आणि कुणाच्या वतीनं मागायची ते मला समजेना. त्याऐवजी मी दुपारी विचारलेलाच प्रश्न विचारला. “आणि आता, गवईभाऊ? आता जीव द्यायचा विचार येतो का?”

“येते कदी कदी,” ते अगदी हळू म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी.”

“आज?”

“आज नाई. आज कुठून येते.” आणि ते खरंच हसले.

“कुणाला सांगितलंत का कधी?”

“कंट्रोलरनं कोनाले सांगाचं? लोकंच मले इचारत येतात, गाडी कदी येनार.”

आम्ही चाळीस मिनिटं बोललो. त्यांचं नाव सुखदेव. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला होता. शेवटी मी म्हटलं, “उद्या तुम्ही डाबेरावांना घेऊन जाताय ना दवाखान्यात?”

“हाव. त्याच्यासाठी जातो.”

“तिथल्या खिडकीवर दोन केसपेपर काढून मिळतात.”

ते खाकरले. “पाहू,” म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी कामतसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी रात्री मनात राजीनामा लिहून आले होते. ते टाइप करत होते. मला त्यांनी मुंबईला पाठवायचा तो कागद वाचायला दिला. पहिल्या परिच्छेदात सरळ लिहिलं होतं की काल दोन नियम मोडले गेले आणि ते माझ्या उपस्थितीत, माझ्या संमतीनं मोडले गेले. ‘माझ्या’ म्हणजे त्यांच्या. माझं नाव कुठंच नव्हतं. पुढे त्यांनी मागण्या केल्या होत्या. प्रतीक्षेतली सनई बंद करावी आणि अर्ध्या मिनिटात माणसाचा आवाज ऐकू येईल इतकी माणसं द्यावीत. प्रत्येक तालुक्यात असा एक तरी माणूस आमच्याशी जोडून द्यावा, जो दहा मिनिटांत जाऊन शेजारी बसेल. पोलिस आणि रुग्णवाहिका न्यायचीच वेळ आली तर गाडी लांब उभी करावी, सायरन वाजवू नये, साध्या वेशात एकानं आधी जावं.

“मुंबईत हसतील याला,” ते म्हणाले.

हसले. पहिलं वर्ष नुसतं हसण्यातच गेलं. सनई बंद व्हायला सात महिने लागले, आणि तालुक्यातालुक्यातली माणसं जोडायला पुरी चार वर्षं. आज राज्यात असा तालुका नाही जिथं आमचा ‘सोबती’ नाही. कुठं पोस्टमास्तर बाई आहेत, कुठं औषधाच्या दुकानाचे मालक, एका ठिकाणी तर तलाठी आहेत. सात टेबलांची ऐंशी झाली आणि वऱ्हाडातला फोन वऱ्हाडी बोलणाऱ्याकडे, कोकणातला मालवणी बोलणाऱ्याकडे जाऊ लागला. सोबतींच्या प्रशिक्षणात पहिला तास सुखदेव गवईंचा असतो. ते काहीच शिकवत नाहीत, असं नवी मंडळी तक्रार करतात. शेजारी बसायला लावतात म्हणे, तासभर, न बोलता.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी आमच्याकडे फक्त तो एक टाइप केलेला कागद होता आणि मुंबईहून काय उत्तर येईल याची धास्ती. दुपारी साडेबाराला फोन वाजला. मी उचलला.

“मॅडम, डाबेराव. दवाखान्यातून बोलतो.”

“कसे आहात?”

“झोपलो काल. चार तास. डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, आजार आहे, औषध आहे, वेळ लागेल. बास. असं कुणी बोलतच नव्हतं हो.” मग त्याचा आवाज एकदम खाली आला, कुणी ऐकू नये तसा. “पण तुम्हाला गंमत सांगायची होती. इथं केसपेपरच्या खिडकीवर गेलो. आतल्या बाईनं विचारलं, पेशंट कोण? मी बोट वर करणार, तोच गवईसाहेब म्हणाले, दोघंही.”

“दोघंही?” मी म्हटलं.

“मला माहीतच नव्हतं ना मॅडम. मला वाटलं, माझी लाज राखायला म्हणून राहिले. पण त्यांनी खरंच नाव, वय, सगळं सांगितलं. दोन केसपेपर निघाले. मग रांगेत पुढं कोण उभं राहणार यावर आमचं भांडण. मी म्हणतो, साहेब, तुम्ही मोठे, तुम्ही आधी. ते म्हणतात, तुमची केस अर्जंट, तुम्ही आधी. मी म्हणतो, तुमची जुनी आहे. पाच मिनिटं हेच. शेवटी मागं एक म्हातारी उभी होती काठी घेऊन, तिनं आम्हा दोघांना काठीनं बाजूला केलं, म्हणाली, तुमचं ठरू द्या, आणि सरळ आत गेली.”

तो हसत होता. त्याच्या मागे दवाखान्याच्या त्या गर्दीत आणखी कुणीतरी हसत होतं, रखरखीत आवाजात, आणि म्हणत होतं, “सांगू नका हो मॅडमले.”